स्वतंत्र मजूर पक्षाचे चौदा प्रतिनिधी

मुंबई उपनगराच्या स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास सांगताना विलेपार्ल्याची १९३०ची मिठाच्या सत्याग्रहाची छावणी अग्रभागी असते, आणि ते यथोचितच आहे. परंतु त्याच वर्षी २ मार्च रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दारात सुरू झालेला सत्याग्रह निराळ्या प्रकरणात जातो. परकीय सत्तेचा कर आणि स्वकीयांनी बंद केलेले दार, या दोन अन्यायांची सांगड त्या काळच्या राजकारणाने घातली नाही. स्वतंत्र मजूर पक्षाचा उदय समजून घ्यावयाचा तर येथूनच प्रारंभ केला पाहिजे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे धर्मांतराची घोषणा केली. १९३६च्या मे अखेरीस मुंबईच्या महार परिषदेत धर्मांतराचा विचार सविस्तर मांडला गेला, आणि ऑगस्टमध्ये पक्ष स्थापन झाला. आपल्याकडील अभ्यासक धम्माचा मार्ग व राजकारण वेगवेगळे अभ्यासतात. या तारखा मात्र त्यांना वेगळे राहू देत नाहीत. पक्षाच्या नावात जातीचा उल्लेख नाही, ‘मजूर’ हा शब्द आहे, हेही सहज घडलेले नव्हे.

मताधिकारास त्या वेळी मालमत्ता व शिक्षणाच्या अटी होत्या. सर्वांत दरिद्री मनुष्य मतदारयादीबाहेरच होता. तरीही फेब्रुवारी १९३७च्या निवडणुकीत पक्षाने १७ जागा लढवून १४ जिंकल्या. मुंबईत बाबासाहेबांसमोर काँग्रेसने चर्मकार समाजातील विख्यात गोलंदाज पालवणकर बाळू यांना उभे केले होते. स्वतः बाबासाहेबांना ज्यांच्याविषयी आदर होता, अशा माणसाचा पराभव त्यांना करावा लागला. विजयी उमेदवारांत सर्वसाधारण जागांवरील अनंतराव चित्रे, शामराव परुळेकर यांसारखे स्पृश्य समाजातील कार्यकर्तेही होते.

१७५ जणांच्या विधानसभेत १४ मतांनी कायदा होत नाही. काँग्रेसचे सदस्य ८६ होते. पण संख्या अल्प असली तरी प्रश्न मांडता येतो. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती निर्मूलनाचे विधेयक मांडले. कोकणात खोत हा सरकार व कूळ यांच्यामधला वसुलीचा धनी होता. कुळाकडून धान्याबरोबर वेठही घेतली जाई. खोताला वाजवी मोबदला देऊन कुळाला जमिनीचा थेट हक्क मिळावा, अशी विधेयकाची मागणी होती. ती एकट्या महारांची नव्हती, कुणब्यांचीही होती. चरीच्या शेतकरी संपाचे नेते नारायण नागू पाटील या लढ्यात बाबासाहेबांबरोबर उभे राहिले. पाणवठ्यावर ज्यांच्यात अंतर होते, ते कुळे म्हणून एका रांगेत आले. आमच्या मते त्या निवडणुकीचे सर्वांत मोठे फलित हेच होय.

१० जानेवारी १९३८ रोजी वीस हजारांच्या आसपास शेतकरी मुंबईत विधानसभेवर चालून आले. पुढे औद्योगिक कलह विधेयकाने संपाच्या हक्कावर घाला येताच ७ नोव्हेंबर १९३८ रोजी पक्षाने कम्युनिस्टांसह एक दिवसाचा संप घडवून आणला. विधेयक तरीही संमत झाले.

भिक्षुसंघाला गणपूर्ती, प्रस्ताव व शलाकेने मतदान ठाऊक होते, हे बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत सांगितले. बहुसंख्याकांसमोर १४ सदस्य घेऊन बसलेल्या माणसाचे ते शब्द होते, हे लक्षात घेतले की त्यांचे वजन कळते.

१९४२ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाची जागा शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनने घेतली. खोती निर्मूलनाचा कायदा १९४९ मध्ये झाला, तो मांडणारा पक्ष तेव्हा अस्तित्वात नव्हता. महार वतन रद्द होण्यास १९५८ साल उजाडले. १९२८ मध्ये वतन सुधारणेचे पहिले विधेयक मांडणारे बाबासाहेब तेव्हा हयात नव्हते.