प्रश्नचिन्हाची जागा

वसई-गोव्याकडची डिसूझा, डिमेलो ही आडनावे रोमन लिपीत लिहिताना ‘डी’नंतर अनेकदा वर एक एकेरी अवतरणचिन्ह देतात. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत मजकूर कुठे सुरू होतो, कुठे संपतो, हे त्याच चिन्हावरून ठरते. असे नाव जसेच्या तसे आज्ञेत चिकटवले की आज्ञा मध्येच तुटे. आणि कुणी मुद्दाम त्या चिन्हापुढे आपलीच आज्ञा लिहिली तर? १९९८च्या डिसेंबरात ‘फ्रॅक’ या हॅकरांच्या नियतकालिकाने हा धोका मांडला.

रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये जाहीर केलेल्या पीएचपीत यावर ‘मॅजिक कोट्स’ हा उपाय आला: बाहेरून येणाऱ्या प्रत्येक अवतरणचिन्हाआधी आपोआप उलटी तिरपी रेघ. मला हे सोवळे वरवरचे वाटते. जीबीके या चिनी लिपिसंकेतात काही अक्षरे दोन बाइटांची असतात आणि दुसरा बाइट त्या रेघेचाच असू शकतो. हल्लेखोर पहिला बाइट आणि त्यामागे अवतरणचिन्ह पाठवी; मध्ये घातलेली राखणदार रेघ पहिल्या बाइटशी जुळून अक्षर बने आणि चिन्ह मोकळे सुटे!

खरा उपाय पीएचपीहून जुना. सत्तरच्या दशकात आयबीएमच्या ‘सिस्टिम आर’मध्ये आज्ञा आधी तयार करून मग हवी तितक्या वेळा चालवता येई. हेतू सुरक्षेचा नव्हता, वेगाचा होता. मूल्याच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवायचे, मूल्य मागाहून वेगळे द्यायचे. म्हणजे ते आज्ञा म्हणून वाचलेच जात नाही. पर्लवाले नव्वदच्या दशकातच प्रश्नचिन्हे वापरत होते. पीएचपीचा जोडीदार मायएसक्यूएल. त्याला ही सोय ४.१ आवृत्तीत, २००४ साली मिळाली. त्याच वर्षी पीएचपी ५ सोबत ‘मायएसक्यूएलआय’ आले, पुढल्या वर्षी ‘पीडीओ’. गंमत अशी, की मायएसक्यूएलशी बोलताना पीडीओ आपणहून खरी तयारी करतच नाही. मूल्ये स्वतःच आज्ञेत बसवून पाठवते. वेगळे सांगावे लागते.

तरी जुनी फंक्शने २०१५च्या डिसेंबरात, पीएचपी ७ मध्येच हटली. मॅजिक कोट्स २०१२ मध्ये गेले होते. दोष केवळ आळसाचा म्हणवत नाही. जुन्या पद्धतीत एक ओळ पुरे. मायएसक्यूएलआयमध्ये आज्ञा तयार करा, प्रत्येक मूल्याचा प्रकार अक्षराने सांगा, चल जोडा, मग चालवा. हे सारे एका ओळीत करणारे फंक्शन पीएचपी ८.२ मध्ये, २०२२ साली आले.