वाट सिन्नरची, राजधानी देवगिरीची

सुपीक जमीन आणि मुबलक पाणी असले की मुलूख श्रीमंत होतो, हा समज नाशिकजवळच्या सिन्नरपुढे टिकत नाही. तालुक्याचा पूर्व भाग पर्जन्यछायेतला, दुष्काळ पाचवीला पुजलेला. तरीही देवगिरीच्या आधी यादवांची राजधानी इथे होती आणि अकराव्या-बाराव्या शतकात गोंदेश्वराचे देऊळ इथेच उभे राहिले. एकाच जोत्यावर मधोमध महादेव, चार कोपऱ्यांना चार लहान देवळे, समोर नंदीमंडप. शिखरावर इवल्या शिखरांच्या रांगा थेट वरपर्यंत चढत गेलेल्या. एवढे कोरीवकाम करणारे पाथरवट पोसायचे तर कोरडवाहू बाजरीवरचा सारा पुरणार नाही. माझ्या मते हा पैसा वाटेवरचा होता. सोपारा-ठाण्याकडचा माल थळ घाट चढून नाशिकमार्गे देशावर येई आणि त्या वाटेवर हात ठेवायला सिन्नर मोक्याचे होते.

यावर कोणी म्हणेल, घाट हलला नाही, मग वैभव का हलले? कारण ते गावात कमी आणि दरबारात जास्त होते. राज्य दक्षिणेकडे पसरले, तसा यादव राजा पाचव्या भिल्लमाने ११८७च्या सुमारास कारभार देवगिरीला नेला. सिन्नरचा पाऊस तोच, माती तीच; फक्त महसूल खर्च होण्याची जागा बदलली. भूगोलच श्रीमंत करतो म्हणणारे इंग्लंडचा दाखला देतात; त्याला कोळशाने आणि समुद्राने हात दिला हे मान्य, पण भूगोल संधी देतो, कमाई कोणाच्या पदरात पडणार ते सत्ता आणि मालकी ठरवतात.

विसाव्या शतकातला विडीधंदा हेच दाखवतो. तेंदूपान बाहेरचे, तंबाखू बाहेरची. सिन्नरचे काय, तर दुष्काळाने रिकामे केलेले हात. पान भिजवायचे, मापाने कातरायचे, तंबाखू भरून वळायचे, दोरा बांधायचा आणि मजुरी मोजायची हजारावर. धंदा वाढला, नाव झाले, पण वळणारीच्या घरी भांडवल साठले नाही. त्याआधी मुंबईहून निघालेली रेल्वे इगतपुरी-नाशिकवरून मनमाडला गेली आणि सिन्नर बाजूला राहिले होते.

२०२३ साली मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाचा तालुक्यातला भाग सुरू झाला, गोंदे इथे त्यावर चढा-उतरायची सोय झाली. मोठी वाट पुन्हा दारात आली आहे. गोदामे, कारखाने, शीतगृहे यांत स्थानिक शेतकऱ्याची आणि कामगाराची भागीदारी किती, याचा हिशेब सिन्नरकरांनी आत्तापासूनच मागावा.