भिंतीवरची ऊब

थंड देशांतील घराचा इतिहास हा पुष्कळ अंशीं अग्नीचाच इतिहास आहे. आपल्याकडे घर म्हटलें कीं प्रथम सावली व वारा यांचा विचार सुचतो. इंग्लंडांत तोच मान भिंतींतील उघड्या अग्नीस होता. त्याभोंवतीं कुटुंब जमे हें खरें. परंतु त्याची बहुतेक उष्णता धुराड्यावाटे आकाशांत जाई, हेंही तितकेंच खरें. तोंडास झळ आणि पाठीस हीव, अशी त्या सुखाची तऱ्हा होती. शिवाय धुराडें साफ करण्यास लहान मुलांस आंत चढवीत; १८७५ च्या कायद्यानंतर ही क्रूर चाल एकदांची बंद पडली.

अग्नि एके ठिकाणीं ठेवून त्याची ऊब घरभर खेळवावी ही कल्पना मात्र जुनी आहे. रोमन लोक स्नानगृहांच्या व श्रीमंतांच्या घरांच्या फरशीखालीं ऊन हवा खेळवीत. पुढें १८५५ च्या सुमारास सेंट पीटर्सबर्ग येथें फ्रान्झ सान-गाली यानें रेडिएटर तयार केला. बंबांतील ऊन पाणी किंवा वाफ नळानें अशा लोखंडी पात्रांत येई. ओतीव लोखंडाचीं हीं धुडें इतकीं जड असत कीं, तीं बहुधा जमिनीवरच उभीं करावीं लागत. विसाव्या शतकांत पोलादी पत्र्याचे हलके रेडिएटर निघाले, तेव्हां कोठें ते सर्रास भिंतीवर चढले.

त्यांची जागा बहुधा खिडकीखालींच कां? कांचेजवळ हवा गार होऊन खालीं उतरते व पाय गारठवते. रेडिएटरवरून वर चढणारी ऊन हवा तिला वाटेंतच अडविते. म्हणजे किरणें फेंकणारा हें त्याचें नांव अर्धेंच सार्थ. बरेंचसें काम हवेच्या अभिसरणानें होतें.

इंग्लंडांत ही सोय घरोघर पोंचण्यास फार उशीर लागला. १९५२ च्या डिसेंबरांत लंडनवर पांच दिवस कोळशाच्या धुराचें विषारी धुकें बसलें आणि हजारों माणसें दगावलीं. १९५६ मध्यें स्वच्छ हवेचा कायदा झाला व उघड्या अग्नीचे दिवस भरत आले.

प्रत्येक खोली उबदार झाल्यानें एका अग्नीभोंवतीं बसण्याची गरज उरली नाहीं, याबद्दल हळहळणारे आहेत. आम्हांस त्यांचें दुःख समजतें. परंतु ज्या मेळाव्याची किंमत मुलांच्या देहानें व शहराच्या श्वासानें द्यावी लागली, त्याची आठवण काढतांना हिशेबाचें दुसरें पानही वाचलें पाहिजे. घरच्या माणसांस एकत्र बसण्यास थंडीचीच सक्ती लागत असेल, तर तो दोष रेडिएटरचा नव्हे.