गाणी दिसतात, पण वाजत नाहीत : संगणकातील परवानग्यांविषयी



भारतातून परत येताना आपल्यापैकी अनेकांच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी एक हार्ड डिस्क असते. वडिलांच्या कॅसेटवरून उतरवलेली नाट्यगीते, आजीच्या आवाजातल्या ओव्या, कोणाच्या तरी मुंजीतल्या मंगलाष्टका. ती इथल्या संगणकाला लावली की फोल्डर दिसतो, पण उघडायला जावे तर 'ॲक्सेस डिनाइड'. मग प्लेअर बदलून पाहिला जातो, कुठल्या तरी अनोळखी साइटवरून 'कोडेक पॅक' उतरवला जातो, आणि शेवटी कोणीतरी सांगतो की अँटीव्हायरस बंद करून टाका. आम्ही संगणकवाले असल्यामुळे मंडळाच्या कार्यक्रमात ताट हातात घेतले की हाच विषय निघतो. अशा वेळी दोष बहुधा प्लेअरचा नसतो, फाइलचाही नसतो. परवानगी अडलेली असते. नेमकी कोणती अडली ते ओळखले, तर संगणकाचे संरक्षण न उतरवता काम होते.

आधी एक सोपी चाचणी. विंडोज असलेल्या संगणकाच्या सी ड्राइव्हवर 'विंडोज' फोल्डरमध्ये 'मीडिया' नावाचा फोल्डर असतो. त्यातला कोणताही लहान आवाज तुमच्या प्लेअरमध्ये वाजवून पाहा. तो ऐकू आला तर स्पीकर आणि प्लेअर ठीक आहेत. आता आपले गाणे लावा. 'फाइलचा प्रकार ओळखता येत नाही' असा संदेश आला तर प्रश्न कोडेकचा आहे. व्हीएलसी हा मोफत प्लेअर त्याच्या अधिकृत साइटवरून घेतला की तो बहुधा सुटतो. 'परवानगी नाही' असा संदेश आला तर पुढे वाचा.

जुन्या डिस्कवरची गाणी

विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर प्रत्येक फाइलसोबत तिचा मालक कोण आणि कोणाला काय करता येईल, याची नोंद असते. ही नोंद नावाने नसते, एका लांबलचक ओळख क्रमांकाने असते. त्यामुळे पुण्याच्या संगणकावर तुमचे खाते 'संगीता' होते आणि इथेही 'संगीता'च आहे, याचा काही उपयोग नाही. दोघींचे क्रमांक वेगळे. शेत तुमच्या ताब्यात आहे, पण सातबाऱ्यावर नाव जुन्या मालकाचे, असा हा प्रकार. जुन्या संगणकातली डिस्क काढून केसमध्ये घालून आणली असेल, आणि गाणी त्या खात्याच्या 'म्युझिक' किंवा 'डेस्कटॉप'मध्ये असतील, तर हे हमखास होते. एक्सफॅट किंवा फॅट३२ पद्धतीच्या पेन ड्राइव्हवर अशी नोंदच नसते, म्हणून तिथे ही अडचण येत नाही.

फोल्डर उघडताना विंडोज 'कंटिन्यू' असे बटण दाखवते. ते दाबून, लागल्यास ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड देऊन थोडे थांबावे. बऱ्याच वेळा एवढ्यानेच भागते. नाही भागले तर गाण्यांच्या फोल्डरवर उजवी क्लिक करून 'प्रॉपर्टीज', मग 'सिक्युरिटी', मग 'ॲडव्हान्स्ड' इथे जावे. वर 'ओनर'पुढे 'चेंज' दिसेल. तिथे आपल्या खात्याचे नाव लिहून 'चेक नेम्स' दाबावे. परत आल्यावर आतल्या सर्व फाइल्सचा मालक बदलण्याची एक चौकट ओनरच्या खालीच दिसते, तिच्यावर खूण करून 'अप्लाय' करावे. मग सर्व खिडक्या बंद करून पुन्हा त्याच ठिकाणी यावे, 'ॲड' करून आपले खाते निवडावे आणि 'रीड अँड एक्झिक्यूट' एवढीच परवानगी द्यावी. गाणे ऐकायला एवढी पुरते.

इथे घाई करणारे 'एव्हरीवन'ला 'फुल कंट्रोल' देऊन मोकळे होतात. आमच्या मते हे घराची किल्ली दाराला लटकवून ठेवण्यासारखे आहे. संगणकावरच्या कोणत्याही खात्यातून, कोणत्याही प्रोग्रॅमला मग त्या फाइल्स पुसता येतात, आणि आजीच्या ओव्यांची दुसरी प्रत बाजारात मिळत नाही. तसेच हे मालकी प्रकरण फक्त गाण्यांच्या फोल्डरवर करावे. ज्या डिस्कवरून संगणक सुरू होतो तिच्यावर सरसकट कधीही करू नये. विंडोज बिघडू शकते.

वाचण्याची परवानगी मिळाली की सगळे फोल्डर नव्या संगणकावर 'कॉपी' करून घ्यावेत. कॉपी केलेली फाइल नव्या जागेच्या परवानग्या घेते. एकाच डिस्कवर नुसती 'मूव्ह' केली तर जुन्याच परवानग्या सोबत येतात, आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

दोन बाबतींत मालकी बदलूनही उपयोग होत नाही. डिस्कला बिटलॉकर असेल तर पासवर्ड किंवा ४८ अंकी रिकव्हरी की हवी. आणि फाइल्सवर कुलपाचे चिन्ह असेल, म्हणजे त्या विंडोजनेच सांकेतिक केल्या असतील, तर जुन्या खात्याचे सर्टिफिकेट हवे. ते फक्त जुन्या संगणकावर असण्याची शक्यता मोठी. म्हणून भारतातल्या घरी तो संगणक भंगारात देण्याचे चालले असेल तर आधी फोन करून थांबवा, आणि त्यावरच फाइल्स उघडून साध्या प्रती काढून घ्या.

वाजते, पण यादी जतन होत नाही

याचे कारण वेगळे आहे. विंडोज १० मध्ये २०१७ साली 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' ही सोय आली. ती मुळात बंद असते, पण कोणी सुरू केली असेल तर अनोळखी प्रोग्रॅमना 'म्युझिक', 'डॉक्युमेंट्स' वगैरे फोल्डरमध्ये लिहिता येत नाही. वाचता येते. म्हणून गाणे वाजते, पण यादी किंवा गायकाचे नाव साठवता येत नाही. 'विंडोज सिक्युरिटी'मध्ये रॅन्समवेअरच्या विभागात जाऊन तेवढ्या एका प्लेअरला मुभा द्यावी. सोय बंद करू नये.

फार जुने काही प्लेअर आपली यादी स्वतःच्या फोल्डरमध्ये, म्हणजे 'प्रोग्रॅम फाइल्स'मध्ये लिहायला जातात. साध्या खात्याला तिथे लिहायची परवानगी नाही. लोक यावर 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' हा उपाय करतात. तो केल्यावर फोल्डरमधून गाणे ओढून प्लेअरवर टाकता येत नाही, नेटवर्कवरचे ड्राइव्हही अनेकदा दिसेनासे होतात, आणि मग नवीच शोधाशोध सुरू होते. प्लेअरची ताजी आवृत्ती घ्यावी हे बरे.

मॅक आणि फोन

मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून प्रत्येक ॲपला डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि बाहेरची डिस्क यांसाठी वेगळी परवानगी लागते. पहिल्यांदा विचारले तेव्हा 'नको' म्हटले असेल तर 'सिस्टम सेटिंग्ज', 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी', 'फाइल्स अँड फोल्डर्स' इथे प्लेअरच्या नावापुढचे बटण सुरू करावे. एनटीएफएस डिस्क मॅक वाचतो, पण तिच्यावर लिहीत नाही. ती बिघाडाची खूण नव्हे.

अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ नंतर, संगीताची परवानगी फोटोंपासून वेगळी झाली आहे. गाण्याच्या ॲपला 'म्युझिक अँड ऑडिओ' एवढीच द्या. ते संपर्कांची यादी मागू लागले तर ॲपच बदला.

कॅसेट उतरवताना

कॅसेट अजून घरात असतील तर एक शेवटची परवानगी लागते. यूएसबी कॅसेट प्लेअर संगणकाला मायक्रोफोनसारखाच दिसतो. विंडोजच्या 'प्रायव्हसी' विभागात 'मायक्रोफोन'खाली डेस्कटॉप ॲप्सना मुभा नसेल तर ऑडेसिटीमध्ये कॅसेटचा आवाज येतच नाही. ती मुभा द्यावी, पहिली पाच मिनिटे उतरवून ऐकून पाहावे आणि मगच पूर्ण बाजू लावावी. काम संपले की मुभा काढून घेता येते.