पश्चिम महाराष्ट्रातील भिक्षुणी आणि त्यांच्या दीक्षेचे आधारस्तंभ : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

बौद्ध भिक्षुणीसंघाचा विचार करताना बहुधा महाप्रजापती गौतमीची विनंती, आनंदाची मध्यस्थी आणि आठ गरुधम्म एवढ्यापुरतीच चर्चा सीमित राहते. संघ स्थापन झाल्यानंतर तो शतकानुशतके चालला कसा, हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो. स्त्रीने दीक्षा मागणे पुरेसे नव्हते. ती दीक्षा देणारे, शिकवणारे आणि सांभाळणारे कोणीतरी असणे आवश्यक होते. प्रस्तुत निबंधात या आधार देणाऱ्या भिक्षू-भिक्षुणींचा मागोवा पुणे व परिसरातील शिलालेख, पुण्यातील पाली अध्ययनाची परंपरा आणि आधुनिक काळातील पुनरुज्जीवन या तीन अंगांनी घेतला आहे.

विनयातील व्यवस्था

पाली विनयानुसार उपसंपदेची इच्छा धरणाऱ्या स्त्रीने दोन वर्षे शिक्षमाणा म्हणून सहा नियमांचे पालन करावयाचे असते. तिला उपसंपदा देणाऱ्या गुरूला 'पवत्तिनी' म्हणतात. ही पवत्तिनी किमान १२ वर्षावास पूर्ण केलेली असावी लागते आणि नवदीक्षितेला दोन वर्षे साहाय्य करण्याची जबाबदारी तिच्यावर असते. एका वर्षात दोघींना दीक्षा देण्यास तिला मनाई आहे. उपसंपदा प्रथम भिक्षुणीसंघात व नंतर भिक्षुसंघात, अशी दुहेरी होते. भिक्षुणींना उपदेश करणाऱ्या भिक्षूला २० वर्षावासांचा अनुभव असावा आणि संघाने त्याची रीतसर निवड केलेली असावी, असाही दंडक आहे. भिक्षुणींना उपदेश करणाऱ्यांत नंदक थेराला अग्रस्थान दिलेले आढळते.

येथे एक बाब लक्षात घेणे अगत्याचे आहे. चुल्लवग्गात बुद्धाने प्रथम भिक्षूंनाच भिक्षुणींची उपसंपदा करण्याची अनुज्ञा दिल्याचे म्हटले आहे. दीक्षेपूर्वी विचारावयाच्या खाजगी प्रश्नांची उत्तरे भिक्षूंसमोर देताना स्त्रियांना संकोच वाटू लागला, तेव्हा भिक्षुणींनी आधी विचारणा करावी अशी सोय झाली. पुढील सर्व वाद या दोन अनुज्ञांच्या परस्परसंबंधाभोवती फिरतो.

शिलालेखांची साक्ष

इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांत ही व्यवस्था महाराष्ट्रात नांदत होती, याची साक्ष लेणी देतात. पुणे जिल्ह्यातील कार्ले येथील लेखांत आसाढमिता आणि घुनिकाची माता कोडी या भिक्षुणींची दाने नोंदली आहेत. जुन्नरच्या एका लेखात नगरातील धम्मुत्तरीय निकायाच्या भिक्षुणी-उपाश्रयाचा उल्लेख येतो. म्हणजेच भिक्षुणी नगरवस्तीत राहत होत्या आणि त्यांचा वास विशिष्ट निकायाशी निगडित होता.

रायगड जिल्ह्यातील कुडा येथील लेख याहून बोलके आहेत. तेथील एका लेण्याची दात्री प्रव्रजिता सपिला स्वतःची ओळख थेर भदंत विजय यांची अंतेवासिनी, म्हणजे शिष्या, अशी करून देते. दुसऱ्या लेखातील पदुमनिका ही प्रव्रजिता नागनिकेची कन्या आणि भदंत पातिमित व भदंत आगिमित या थेरांची भाची आहे. तिच्या दानात बोधी आणि असाळमिता या तिच्या शिष्याही सहभागी आहेत. 'अंतेवासिनी' या शब्दावरून उपसंपदा कोणी दिली हे सिद्ध होत नाही. तथापि स्त्रिया भिक्षूंकडे अध्ययन करीत आणि स्वतः गुरू होऊन शिष्यापरंपरा चालवीत, हे दोन्ही लेख मिळून स्पष्ट करतात.

पुण्यातील विचारमंथन

पुढे भारतात आणि अकराव्या शतकाच्या सुमारास श्रीलंकेतही ही परंपरा खंडित झाली. आधुनिक काळात तिचा अभ्यास पुण्यात पुन्हा सुरू होण्यास धर्मानंद कोसंबी कारणीभूत ठरले. स्वतः श्रीलंकेत श्रामणेर दीक्षा घेतलेल्या कोसंबींनी १९१२ ते १९१८ या काळात फर्ग्युसन महाविद्यालयात पालीचे अध्यापन केले. 'भगवान बुद्ध' (१९४०-४१) या ग्रंथात त्यांनी गरुधम्मांच्या कथेची चिकित्सा केली. दोष घडल्यानंतर नियम करणे ही विनयाची रीत असल्याने आगाऊ घातलेले हे नियम उत्तरकालीन भिक्षूंचे असावेत, असे त्यांचे मत होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही १९५१ मधील 'हिंदू स्त्रियांची उन्नती आणि अवनती' या लेखात बुद्धाच्या तोंडी घातलेली स्त्रीविरोधी वचने प्रक्षिप्त ठरविली.

धम्मक्रांतीनंतर पुण्यात वेगळा मार्गही पुढे आला. १९७० च्या दशकाच्या अखेरीस येथे कार्यास आरंभ करणाऱ्या त्रैलोक्य बौद्ध महासंघाने (२०१० पासून त्रिरत्न) भिक्षू-गृहस्थ हा भेद गौण मानून धम्मचारी व धम्मचारिणी यांना समान दीक्षा दिली. ही भिक्षुणी-उपसंपदा नव्हे; विनयातील परंपरेचा पेच तिने सोडविला नाही, तो टाळला.

पुनरुज्जीवन आणि त्याची किंमत

थेरवादात भिक्षुणी उरल्या नसतील तर दुहेरी उपसंपदा द्यावी कोणी, हा तो पेच होय. १९४९ मध्ये ब्रह्मदेशातील मिंगुन जेतवन सयाडो यांनी, भिक्षुणीसंघ नसताना भिक्षूंना दिलेली मूळ अनुज्ञा लागू होते, असे प्रतिपादन केले. दुसरा आधार चीनमधील परंपरेचा होता. इ. स. ४३३ च्या सुमारास श्रीलंकेच्या भिक्षुणींच्या साहाय्याने तेथे दुहेरी उपसंपदा झाली होती. डिसेंबर १९९६ मध्ये सारनाथ येथे मापलगम विपुलसार महाथेरांच्या पुढाकाराने कोरियन भिक्षुणींच्या सहभागातून श्रीलंकेच्या स्त्रियांची उपसंपदा झाली. फेब्रुवारी १९९८ मध्ये बोधगयेला तैवानच्या फो ग्वांग शान संस्थेने घडविलेल्या विधीत महाराष्ट्रातून आलेल्या स्त्रियाही होत्या. त्याच वर्षी १२ मार्च रोजी इनामलुवे सुमंगल थेरांनी दंबुल्ल येथे २२ स्त्रियांच्या उपसंपदेचा मार्ग मोकळा केला.

अशा साहाय्याची किंमतही मोजावी लागली. ऑक्टोबर २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे चार स्त्रियांच्या उपसंपदेत सहभागी झाल्याबद्दल अजान ब्रह्म यांना थायलंडच्या वाट पा पोंग परंपरेतून वगळण्यात आले.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, भिक्षुणीसंघाचे अस्तित्व गरुधम्मांपेक्षा गुरुशिष्यसंबंधावर अधिक अवलंबून होते. पवत्तिनींची साखळी तुटताच नियम शाबूत असूनही संघ लोपला. आणि ती पुन्हा जोडण्यासाठी विपुलसार, सुमंगल यांच्यासारख्या भिक्षूंना व परदेशी भिक्षुणींना पुढे यावे लागले. भिक्षूंनी स्त्रियांना शिष्या म्हणून स्वीकारणे ही आधुनिक काळाची सवलत आहे, हा समज कुडा येथील सपिलेच्या लेखापुढे टिकत नाही. महाराष्ट्रात चीवर धारण करणाऱ्या स्त्रियांच्या मान्यतेचा विचार करताना या भूमीतील हा पुरावा जमेस धरणे आवश्यक आहे.