गोल्फ क्लब : जुने देऊन नवे घेणे (ट्रेड-इन)

गोल्फच्या वापरलेल्या काठ्या दुकानात जमा करून त्यांची ठरलेली किंमत नव्या काठ्यांच्या बिलातून वळती करून घेण्याची पद्धत. गोल्फमध्ये खेळाच्या संस्थेला आणि काठीलाही ‘क्लब’ म्हणतात. या नोंदीत तो शब्द काठीसाठी वापरला आहे. अमेरिका, ब्रिटन व जपान येथे या व्यवहाराची मोठी बाजारपेठ आहे. बोहारणीला जुने कपडे देऊन भांडे घ्यावे, तशीच याची जात. कपड्याचा भाव भांड्यात सांगितला जातो; क्लबचा भावही बहुधा रोखीत न मिळता दुकानातल्या जमेच्या रूपात मिळतो. सोन्याच्या मोडीशी मात्र याचे साम्य नाही. मोडीत धातूचे वजन कायम राहते, तर क्लबमधल्या पोलादाला किंवा टायटॅनियमला दुकानदाराच्या लेखी भंगारापलीकडे मोल नसते. तो मोजतो ते मॉडेल, त्याचे वय आणि त्याची अवस्था.

पार्श्वभूमी : विसाव्या शतकाच्या सुरुवातीस क्लबचे दांडे हिकरी लाकडाचे असत. पोलादी दांड्यांना अमेरिकेत १९२४ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९२९ मध्ये मान्यता मिळाली व हिकरीचे संच झपाट्याने अडगळीत गेले. फेरीसाठी पिशवीत जास्तीत जास्त १४ क्लब ठेवण्याचा नियम अमेरिकेत १९३८ पासून आणि ब्रिटनमध्ये १९३९ पासून लागू झाला. पिशवी भरलेली असेल तर नवा क्लब आला की जुना बाहेर निघणे तेव्हापासून क्रमप्राप्त झाले. टेलरमेड या कंपनीने १९७९ मध्ये धातूच्या डोक्याचा ड्रायव्हर (लांब फटक्याचा क्लब) बाजारात आणला. कॅलवे कंपनीचा ‘बिग बर्था’ ड्रायव्हर १९९१ मध्ये आला. पुढे ड्रायव्हरची नवी मॉडेल वर्षा-दोन वर्षांनी येऊ लागली आणि जुन्यांचे काय करायचे हा प्रश्न ग्राहकाइतकाच कंपन्यांनाही पडला. कॅलवेने २००४ मध्ये वापरलेल्या क्लबचा व्यापार करणारी फ्रॉगट्रेडर ही कंपनी विकत घेतली. आपलाच जुना माल आपणच परत घ्यायचा आणि तपासून पुन्हा विकायचा, हा मार्ग त्यामुळे तिला खुला झाला. अमेरिकेतील सेकंड स्विंग, ब्रिटनमधील गोल्फबिडर आणि जपानमधील गोल्फ पार्टनर हे वापरलेल्या क्लबचे परिचित विक्रेते होत.

मूल्यमापन : भावाचा पाया मॉडेलनिहाय दरतक्ता असतो. अमेरिकेतील व्यावसायिक गोल्फपटूंच्या पीजीए ऑफ अमेरिका या संघटनेची अशी मूल्यदर्शिका प्रसिद्ध आहे. तक्त्यातला आकडा चांगल्या अवस्थेतल्या क्लबचा असतो; प्रत्यक्ष भाव काउंटरवर ठरतो. ड्रायव्हर हातात आला की दुकानदार आधी त्याचे टोपण काढतो आणि डोक्याच्या माथ्यावरून अंगठा फिरवतो. चेंडू फटक्याच्या वेळी वर लागला असेल तर तिथे पांढरट ओरखडे उठलेले असतात आणि त्यांनी दर उतरतो. मग तो डोके कानाजवळ नेऊन हलवतो. आत काही खुळखुळले तर डिंक किंवा एखादा तुकडा सुटलेला आहे. फेसवर (चेंडूला भिडणाऱ्या पृष्ठभागावर) बारीक तडा दिसला की क्लब परत केला जातो. ग्रॅफाइटच्या दांड्यावरचा खोल ओरखडा खटकतो. झिजलेल्या ग्रिपचे (मुठीचे) मात्र फारसे काही वाटत नाही, कारण ती स्वस्तात बदलता येते.

आयर्नच्या (चपट्या डोक्याच्या, क्रमांक असलेल्या क्लबच्या) संचात सात नंबर पाहिला जातो, कारण सरावात बहुतेकांचा हात त्याच्याकडेच जातो आणि संचातली झीज तिथे आधी दिसते. संचातला एक क्लब हरवला असेल तर उरलेल्यांचा भाव प्रमाणाबाहेर पडतो. वेजची (जवळच्या उंच फटक्याच्या क्लबची) किंमत त्याच्या फेसवरील खाचांत असते. त्या बोथट झाल्या की चेंडूला फिरकी कमी मिळते, म्हणून वापरलेल्या वेजला दर कमी. पटर चेंडूला हलकेच ढकलतो, त्यामुळे झिजत नाही. नामांकित पटर आपली किंमत बरीच टिकवून ठेवतात. डावखुऱ्या खेळाडूसाठीचे, किंवा एखाद्याच्या उंचीप्रमाणे लांबी-कोन बदलून घेतलेले क्लब उत्तम असले तरी त्यांना गिऱ्हाईक थोडे, म्हणून भावही थोडा.

हिशेब : समजा, एक ड्रायव्हर दुकानात १५० डॉलरला पुन्हा विकला जाण्याजोगा आहे. साफसफाई, साठवण, न खपण्याची जोखीम आणि नफा वजा करून दुकानदार त्याचे ९० डॉलर देऊ करील. हे ९० जमेच्या रूपात. रोख हवी असेल तर आकडा आणखी खाली येतो, कारण जमेचे पैसे दुकानातच खर्च होतात आणि त्या विक्रीवरही नफा सुटतो. हाच क्लब परस्पर दुसऱ्या खेळाडूला विकला तर पैसे जास्त मिळतात. मात्र जाहिरात, घासाघीस आणि पाठवणी विकणाऱ्याच्या गळ्यात पडते.

नियम व फसवणूक : क्लब नियमात बसतो की नाही, यावरही भाव अवलंबून असतो. ड्रायव्हरच्या फेसने चेंडूला दिलेल्या उसळीचा गुणांक ०.८३० हून जास्त असू नये, असे बंधन अमेरिकेत १९९८ पासून आहे. इतरत्र ते २००८ पासून सर्वांना लागू झाले. धारदार खाचांवर २०१० पासून निर्बंध आले. बनावट क्लब हा मोठा धोका असून २००४ मध्ये अमेरिकेतील प्रमुख उत्पादकांनी त्याविरुद्ध संयुक्त गट स्थापन केला. दांडा डोक्यात बसतो त्या नळीवरचा अनुक्रमांक, अक्षरांची कोरणी आणि वजन यांवरून बनावट माल ओळखला जातो. चोरीचा माल फिरू नये म्हणून जपानमध्ये १९४९ च्या जुन्या वस्तूंच्या व्यापारविषयक कायद्यानुसार दुकानदाराला परवाना घ्यावा लागतो आणि विकणाऱ्याची ओळख पडताळून व्यवहार नोंदवावा लागतो.

भारतात आयात धोरणानुसार वापरलेल्या ग्राहकोपयोगी वस्तू परदेशातून आणण्यावर निर्बंध आहेत. त्यामुळे व्यापारासाठी परदेशातले जुने क्लब सहज मागवता येत नाहीत.

मूल्यघट : भाव सर्वांत जोरात घसरतो तो पुढचे मॉडेल जाहीर होताच. मोठ्या कंपन्यांचे नवे ड्रायव्हर बहुधा वर्षाच्या सुरुवातीस येतात. म्हणून क्लब द्यायचाच असेल तर त्याआधी दिलेला बरा. घसरण मुख्यतः कॅलेंडरमुळे होते. चुकीच्या जागी लागलेला फटका सावरून घेण्यात नवे क्लब सुधारले आहेत हे खरे. पण उसळीची कमाल मर्यादा दोन वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या ड्रायव्हरला एकच आहे. तेव्हा ट्रेड-इनमध्ये एकाने नवेपणासाठी सोडलेली रक्कम, जुना क्लब घेणाऱ्या दुसऱ्याच्या खिशात बचत म्हणून राहते.