स्टेपनी कुठे गेली

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, गॅरेज येडशीच्या चौकाजवळ होतं. 1978 साली पत्र्याच्या टपरीत ते सुरू झालं आणि 2011मध्ये अण्णांच्या गुडघ्यांनी साथ सोडली तेव्हा बंद झालं. जागा मोक्याची होती. बार्शीहून लातूरला जाणारा रस्ता आणि सोलापूरहून बीडकडे जाणारा रस्ता इथेच भेटतात, आणि शेजारी बालाघाटाचा घाट आहे. चढावर इंजिन तापलेली आणि उतारावर ब्रेक हरलेली गाडी आमच्या दारात येऊन थांबायची. श्रावणात सोमवारी जवळच्या रामलिंगाच्या देवळाला येणाऱ्यांची गर्दी असायची, त्या दिवशी अण्णा दुपारचं जेवण चार वाजता जेवायचे.

अण्णांना हा धंदा रेल्वेने दिला. बार्शी लाईट रेल्वेची अडीच फुटी गाडी 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी धावायला लागली आणि 1911पर्यंत लातूरला पोचली. येडशी त्याच रुळावरचं स्टेशन. या छोट्या गाडीची इंजिनं कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात दुरुस्त होत. तिथून निवृत्त झालेल्या एका फिटरकडे अण्णा कानस चालवायला शिकले. "आधी लोखंडाला हात लावून बघ, मग पाना लाव," हे त्या फिटरचं सांगणं अण्णांनी मला सांगितलं आणि मी आता माझ्या मुलांना सांगते. मी जिल्ह्यातल्या एका आयटीआयत दुचाकी दुरुस्ती शिकवते.

वर्गात स्कूटरचा धडा मी इटलीपासून सुरू करते. दुसऱ्या महायुद्धानंतर पियाजिओ कंपनीचा पोन्तेदेराचा विमानांचा कारखाना मोडकळीला आला होता. 1946 साली तिथे वेस्पा तयार झाली, ती कोरादिनो दास्कानिओ या विमानांच्या आणि हेलिकॉप्टरच्या अभियंत्याच्या डोक्यातून. त्याला मोटरसायकल आवडत नसे. तिची साखळी कपडे तेलकट करते, पंक्चर झालं तर चाक काढणं जिकिरीचं, आणि बसायचं तर टांग टाकावी लागते. त्याने एकेक अडचण घेतली आणि सोडवली. साखळीच नको म्हणून इंजिन थेट मागच्या चाकाशेजारी आणलं. चिखल उडू नये म्हणून पुढे पत्र्याची ढाल दिली. विमानाच्या चाकासारखं पुढचं चाक एकाच बाजूने धरलं, म्हणजे नट सोडले की चाक हातात. आणि वेगळी चेसिस ठेवलीच नाही, वाकवलेला पत्रा हाच गाडीचा सांगाडा झाला. स्कूटरची जी गोलाई आपल्याला देखणी वाटते, तिच्या प्रत्येक वळणाला असं एक कारण होतं. मुलांनी स्कूटरचं चित्र काढलं की मी प्रत्येक भागापुढे ते कारण लिहायला लावते.

ही गाडी महाराष्ट्रात रुजली. बजाज घराण्याची बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन 1948पासून वेस्पा आयात करत होती. 1959 साली सरकारने त्यांना इथे गाड्या बनवायचा परवाना दिला, पियाजिओशी करार झाला आणि पुण्याजवळ आकुर्डीला स्कूटर बनू लागली. मुंबईत ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया ही कंपनी वेस्पाची स्पर्धक लॅम्ब्रेटा जोडत होती. लॅम्ब्रेटाच्या आत नळीची चेसिस आणि वर पत्र्याचे पंखे, म्हणजे बाजूची पॅनेलं. 1971मध्ये पियाजिओचा करार संपला, तो पुन्हा झाला नाही, आणि 1972मध्ये त्याच घडणीची चेतक आली. 1975 साली साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्स उभी राहिली, तिची प्रिया आमच्या भागात शिक्षक, ग्रामसेवक आणि बँकेतल्या लोकांची गाडी होती.

त्या गाड्या मजबूत होत्या, असं आज सगळे म्हणतात. अण्णांच्या हाताखाली वाढलेली मुलगी म्हणून मला इथे थांबून खरं सांगायला हवं. नवी गाडी शोरूममधून निघायची आणि बऱ्याचदा घरी जायच्या आधी आमच्याकडे यायची. मालक गुरुजी असले तर सांगायचे, "अण्णा, एकदा सगळी आवळून द्या." अण्णा खरोखरच सगळी आवळायचे. हँडल, इंजिनाचे बोल्ट, सायलेन्सरचा क्लॅम्प. क्लच आणि गिअरच्या केबली काढून ग्रीस भरायचे, कार्बोरेटर नव्याने लावायचे, प्लॅटिनचा गॅप बघायचे. पायाखालच्या पत्र्याच्या सांध्यात रंग पोचलेला नसे, तिथे ते जुनं इंजिन ऑइल चोपडायचे, म्हणजे गंज चढत नसे. हे सगळं कारखान्यात व्हायला हवं होतं.

ते का होत नव्हतं, याचं उत्तर रांगेत आहे. किती स्कूटर बनवायच्या हे सरकारी परवाना ठरवायचा, आणि मागणी त्याच्या कितीतरी पुढे होती. अनामत भरून नंबर लावायचा आणि वाट बघायची. चेतकसाठी आठ-दहा वर्षं थांबलेली माणसं मी पाहिली आहेत. परदेशातला नातेवाईक डॉलरमध्ये पैसे भरू शकला तर गाडी लवकर मिळे. नंबर लागलेली गाडी त्याच दिवशी "ऑन", म्हणजे वरचे पैसे, घेऊन विकणारेही होते. मुलीच्या लग्नात स्कूटर मागितली जायची, आणि त्या मागणीने कितीतरी बाप कर्जात गेले. दहा वर्षांनी दारात आलेली गाडी, पत्रा नीट बसला नाही म्हणून परत कोण करणार? गिऱ्हाईक परत करत नाही म्हटल्यावर कारखान्यालाही घाई नसते. तेव्हा कारखान्याचं राहिलेलं काम येडशीच्या चौकात, अण्णांच्या हाताने पुरं व्हायचं, आणि त्याचे पैसे गुरुजी द्यायचे.

दोष घडणीतही होते. इंजिन उजव्या बाजूला असल्यामुळे गाडी तिकडे कलायची. प्रियाची आठ इंची चाकं खड्ड्यात पूर्ण उतरायची, आणि तुळजापूरच्या रस्त्यावर खड्डे म्हणजे खड्डेच असत. लिटरला वीस मिली ऑइल मिसळायचं, ते कुणी अंदाजाने जास्त ओतलं की प्लग काळा, सायलेन्सर तुंबलेला. मग सायलेन्सर काढून जाळायचा. त्या धुराचा वास माझ्या लहानपणाचा वास आहे, आणि त्या धुराने अण्णांची छाती बिघडवली हेही तितकंच खरं आहे.

तरीही माणसं त्या गाड्यांवर विसंबून होती. सकाळी सुरू झाली नाही तर गाडी आडवी करायची, म्हणजे पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत पोचतं, आणि किक मारायची. नाही झाली तर प्लग काढून पुसायचा. पंक्चर झालं तर मागची स्टेपनी उतरवायची, पंधरा मिनिटांत माणूस पुढच्या गावाला. क्लचची केबल तुटली तर डिकीत दुसरी असायचीच. माझी आई, जिला गाडी चालवता येत नव्हती, तिला प्लग बदलता येत होता. गाडी बंद पडायची, पण का पडली ते रस्त्यावर उभ्या माणसाला कळायचं. मजबुती म्हणून लोकांना जे आठवतं ते हेच असावं, असं मला फार वर्षांनी उमगलं.

पुढचा इतिहास पटकन सांगते, कारण तो सर्वांनी पाहिलाय. मोटरसायकली आल्या, 2001मध्ये होंडाची गिअर नसलेली ॲक्टिव्हा आली, आणि तिला सकाळी आडवी करावी लागत नव्हती. 2009 साली बजाजने स्कूटर बनवणंच थांबवायचं जाहीर केलं. मग जुना चेहरा परत यायला लागला. 2012मध्ये पियाजिओने बारामतीच्या कारखान्यातून वेस्पा पुन्हा आणली. 2020च्या सुरुवातीला चेतक हे नाव विजेच्या स्कूटरवर परतलं, आणि 2022पासून तिचं उत्पादन आकुर्डीला सुरू झालं. इतर कंपन्यांनीही गोल दिवा, चकचकीत कड आणि फुगीर पंखे असलेल्या गाड्या काढल्या. तसा आकार बघितला की माझ्या पिढीच्या पोटात काहीतरी हलतं.

तशीच एक पेट्रोलची गाडी मी दोन वर्षांपूर्वी घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही. घरी आणली तेव्हा अण्णांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि तळहात पत्र्यावरून फिरवला. "पत्रा आहे," ते समाधानाने म्हणाले. मग खाली वाकून बघितलं. आत नळीची चेसिस, पत्रा वरून चढवलेला, आणि बाकीचं प्लॅस्टिक क्लिपांवर अडकवलेलं. डाव्या-उजव्या पंख्यांच्या फटी सारख्या नव्हत्या. "स्टेपनी?" त्यांनी विचारलं. नाही. "किक?" तीही नाही. ते काही बोलले नाहीत.

तिसऱ्या महिन्यात खड्ड्यावरून जाताना पुढचं प्लॅस्टिक वाजायला लागलं. पाचव्या महिन्यात स्टँडच्या जोडापाशी गंज दिसला. जुलैमध्ये पहिल्या मोठ्या पावसात, रामलिंगाच्या फाट्याजवळ गाडी बंद पडली. चावी फिरवली की पेट्रोलच्या टाकीतला पंप बारीक आवाज करतो, तो आवाज आला नाही. मी हा विषय शिकवते, मला ठाऊक होतं की बिघाड विजेच्या वाटेवर कुठेतरी आहे. पण कंपनीचा स्कॅनर बाहेर मिळत नाही, आणि वायरिंगचा नकाशाही नाही. अण्णा रिक्षातून पान्यांची पिशवी घेऊन आले. पाऊस पडत होता. त्यांनी सीट उचलली, आत बघितलं, एक पाना हातात घेतला आणि तो लावायला जागा शोधत राहिले. तेहतीस वर्षं चौकात गाड्या उभ्या केलेला माणूस पाना हातात धरून उभा होता. मला ते बघवेना.

टेम्पोतून गाडी शहरात कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेली. सुट्या भागाची वाट बघत ती तेवीस दिवस तिथे उभी राहिली. आत पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही, असं सांगून त्यांनी वायरिंगचा अख्खा किट बदलला आणि पैसे घेतले. पावसाळ्याच्या देशात पावसात चालवायला बनवलेल्या गाडीच्या आत पाणी गेलं, हा दोष माझा कसा, हे मी विचारलं. काउंटरवरच्या मुलाला माझं म्हणणं पटत होतं, पण ते नोंदवायला त्याच्या संगणकात रकाना नव्हता. डिसेंबर 2022मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनंही आहेत. तो हक्क येडशीपर्यंत पोचायचा तर नकाशा, सुटा भाग आणि स्कॅनर चौकातल्या मेकॅनिकला मिळायला हवा. त्यासाठी मी अर्ज लिहिते आहे, लिहीत राहणार आहे.

रांग आता उरली नाही, तरी आवळायचं, ग्रीस भरायचं, सांधा बुजवायचं काम कारखान्याने अजून राहू दिलंय. तेव्हा ते अण्णा पुरं करू शकत होते. आज आकार अण्णांच्या ओळखीचा आहे आणि आतलं दार बंद आहे. दास्कानिओने ज्या कारणांसाठी तो पत्रा वाकवला, त्यांतलं माणसाने रस्त्यावर स्वतः चाक काढून पुढे जावं हे कारण या गाडीतून काढून टाकलेलं आहे.

पैसे मी दिले होते, म्हणून जुना किट मागून घेतला. तो आयटीआयच्या टेबलावर ठेवला आणि मुलांनी एकेक कपलर उघडला. चौथ्यात सापडलं. पायाखालच्या पत्र्याच्या आत, जिथे पाणी साचणारच अशा जागी तो कपलर होता. त्याचं रबरी सील नीट बसलेलं नव्हतं आणि आतली एक पिन हिरवी पडून तुटली होती. तांदळाच्या दाण्याएवढी.

ती पिन मी कागदात बांधून घरी नेली. अण्णांनी चष्मा लावला, पिन नखावर घेतली आणि उजेडाकडे धरली.

"एवढंच?"

"एवढंच, अण्णा."

त्यांनी खाटेखालचा बिस्किटांचा जुना डबा ओढला. त्यात प्रियाच्या केबलींचे तुकडे आहेत, प्लॅटिन आहेत, कार्बोरेटरचे जेट आहेत. डबा चाळत ते म्हणाले, "पितळेची तार असायला पाहिजे यात. ही पिन घासून होते बघ."

मी कानस आणायला उठले.